चार बोटं पाणी

आमच्या घराण्यात खरं बोलायची पद्धतच नव्हती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पद्धत होती, फक्त ती सणावारी पाळली जायची. एरवी माझी आई खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या बोटभर निवट्याची मगर करायची आणि मी त्या मगरीला पंख लावायची. गावात म्हणच पडली होती, "हिरा हत्ती बघितला म्हणाली, की बकरी समजायची." मी रागवत नसे. बकरी तरी समजतात ना! गावात अशीही माणसं होती, ज्यांनी हत्ती सांगितला तरी लोक जांभई देत. माझे बाबा तसे. ते इतकं मोजूनमापून खरं बोलायचे की त्यांच्याशी गप्पा मारायला कुणी थांबत नसे. पाऊस पडतोय का विचारलं, तर हात बाहेर काढून थोडा वेळ थांबून मग "हो" म्हणणारा माणूस. अशा माणसाच्या पोटी मी जन्मले, हा देवाचा विनोद आहे; आणि गावाचं मीठ शेवटी आम्ही दोघांनी मिळून वाचवलं, हा त्या विनोदाचा उत्तरार्ध.

आमचं गाव दिवा स्टेशन मागं टाकून डोंबिवलीकडं येताना खाडीच्या कडेला. बाहेर खाडी, मग मातीचा लांबलचक बांध, बांधाच्या आत मिठाचं आगर, आगरामागं खारी भातशेती आणि त्याच्यामागं आम्ही. दिवाळीनंतर बांधातलं उघाडीचं दार वर करून खाडीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यांतून फिरवत उन्हाला द्यायचं, आणि माघ उजाडला की पाण्याच्या पोटातून मीठ निघायचं. भर दुपारी कान देऊन बसलं तर मीठ धरताना ऐकू येतं. खोटं नाही, हे खरंच ऐकू येतं. बारीक तडतड, लांब कुठंतरी कुणी चुरमुरे भाजतंय असं. मग लाकडी फावड्यांची खर्रखर्र, बायकांच्या डोक्यावरून रिकाम्या झालेल्या टोपल्यांचा थपथप आवाज, आणि मधूनच आईची आरोळी, "जेवायला या गो, नायतर मांजरीला वाढते!" जेवायला तांदळाची भाकरी, निवट्यांचं लालभडक कालवण आणि बरोबर कच्ची कैरी. आमच्या घरात कालवणात मीठ घातल्याचं मी कधी बघितलं नाही. आईच्या हातालाच इतकं मीठ असायचं की तिनं पातेलं हलवलं की झालं. शेजारीण म्हणायची, तिनं गोड शिऱ्याला हात लावला तर लोणचं होतं.

बांध सगळ्या गावाचा, पण राखायचा वाटून. प्रत्येक घराचा बांधावर एक वाटा. उघाडीपाशी एक उभा काळा दगड होता, त्यावर आमच्या पणजोबांच्या काळात कुणीतरी छिन्नीनं आडवी रेघ मारलेली. दिवाळीनंतरच्या ओहोटीला प्रत्येक घरानं आपापला वाटा त्या रेघेच्या उंचीला आणायचा. उंची तपासायचं काम आमच्या घराकडं. बाबा पितळेची परात पाण्यानं भरून बांधावरून न्यायचे, ठेवायचे, आडवे पडून पाण्याच्या कडेवरून दगडाच्या रेघेकडं डोळा लावायचे. त्यांना असं झोपलेलं बघून एका नव्या सुनेनं डॉक्टरला बोलवायला माणूस पाठवला होता. नियम एका ओळीचा: रेघेखाली नाही, रेघेवर नाही. खाली का नाही, हे कुणालाही कळेल. वर का नाही, हे फक्त आमच्याकडच्यांना कळतं. एकानं आपला वाटा उंच केला की उधाणाचं पाणी तिथं अडतं आणि सरकून शेजाऱ्याच्या वाट्यावरून आत येतं. म्हणून आपलं घर वाचवायला वाटा चढवणारा माणूस आमच्याकडं पाणी चोरणाऱ्यापेक्षा वाईट. आणि ज्याच्या वाट्यावरून पाणी आत आलं, तो दोषी. इतका सोपा न्याय मी पुढं कुठल्याच कोर्टात बघितला नाही.

मी दहावीत असताना होळीच्या उधाणाला पाणी आत आलं, आणि आलं ते आमच्या वाट्यावरून.

होळीच्या पुनवेला खाडीला उधाण येतंच. पण ते रेघेच्या खाली येऊन, बांधाला नमस्कार करून परत जायचं. त्या वर्षी त्यानं नमस्कार केला नाही. आमचा वाटा खाडीच्या वळणावर, लाटेचा पहिला धक्का तिथं. भर दुपारी पाणी बांधाच्या माथ्यावरून असं अलगद आत उतरलं, जसं पाहुणं दार ढकलून येतं. आमच्या आणि शेजारच्या वाफ्यांतलं पिकलेलं मीठ तासाभरात विरघळून गेलं. पांढऱ्या राशी होत्या तिथं नुसता चिखल चमकत राहिला. आईनं त्या दिवशी कुणाशीच अतिशयोक्ती केली नाही, यावरून काय ते समजा.

तिसऱ्या दिवशी देवळापुढं गाव बसलं. आमच्या शेजारचा वाटा पांडूकाकाचा. नात्यानं आमचा कुणी नाही, पण गावात वडीलधाऱ्या पुरुषाला काका म्हणतात आणि याला जरा मोठ्यानं म्हणतात. गावाच्या कडेला त्याची वीटभट्टी होती, दारात नवा ट्रक होता, आणि छाती अशी की शर्टाची बटणं घाबरून आपोआप सुटायची. नुकसान त्याचंही झालं होतं.

"सदा, तुजा वाटा खचलाय," तो बाबांना म्हणाला. "मान्य कर नि मोकला हो."

"रेघेला रेघ हाय," बाबा म्हणाले. "परात आनतो, तूच बग."

"परात काय बगू? वाफा बग! मग पानी आलं कुटशी?"

"वरशी. बांध नाय खचला. खाडी चढलीय." बाबांनी हात वर करून अंगठा मिटला. "चार बोटं."

सगळं देऊळ हसलं.

"खाडी काय पोरगी हाय कं, वाढायला?"

"सदा, पोरीच्या थापा तुज्या अंगावर उठल्या रं!"

बाबांनी हात खाली घेतला. निकाल लागला तो असा: पुढच्या होळीला सदाच्या वाट्यावरून पुन्हा पाणी आलं, तर त्याचा आगरातला हिस्सा काढून दुसऱ्या घराला द्यायचा आणि परातही. मला परातीचंच जास्त लागलं. आगर गेलं तर आम्ही आगरी कसले, हे आई म्हणाली. ती आयुष्यात इतकं आखूड वाक्य त्याआधी कधी बोलली नव्हती.

आमच्या घरात मग वर्षभर एकच भांडण चाललं. आई म्हणायची, दिवाळीत आपल्या वाट्यावर गुपचूप चार बोटं माती चढवा. बाबा नाही म्हणायचे.

"अवो, कोन बगतंय?"

"पानी बगतंय. आपल्याकडं अडलं की पांडूच्या वाट्यावर जाईल."

"जाऊ द्या! त्याच्या भट्टीत जाऊ द्या! विटा शिजतील आमटीत!"

बाबा परात घासत बसायचे. ती परात इतकी घासली गेली की पुढं पुढं तिच्यात तोंड बघून मी वेणी घालायची.

त्याच वर्षी मी डोंबिवलीच्या कॉलेजात अकरावीला गेलेले. आमच्या गावातून कॉलेजात जाणारी पहिली मुलगी मी. हे मी स्वतःच इतक्यांदा सांगितलंय की आता लोकांना वाटतं महाराष्ट्रातली पहिली, आणि मी ते खोडत नाही. भूगोल शिकवायला एक बारीक आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी एके दिवशी फळ्यावर पृथ्वी काढली आणि तिच्याभोवती खडूनं एक गोधडी काढली. कोळसा, डिझेल, रॉकेल, सगळ्याचा जो वायू वर जातो त्याची ही गोधडी, म्हणाल्या. ती दिवसेंदिवस जाड होतेय. आतली ऊब बाहेर जात नाही. त्यातली बरीचशी ऊब समुद्र गिळतो, आणि पाणी तापलं की फुगतं. शिवाय थंड मुलखातला बर्फ वितळून त्यात येतो. मग समुद्र चढतो.

वर्गातली बाकी पोरं वहीत गोधडी काढत होती. मी उभीच राहिले. "बाई, किती चढतो?"

"अगं, फार नाही. वर्षाला अगदी थोडं."

"पण पणजोबांच्या वेळेपासून धरलं तर? चार बोटं?"

बाईंनी खडू ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या बाबांनी. परातीत बघून."

त्या हसल्या नाहीत. त्या एका कारणासाठी मी पुढं भूगोलच घेतला आणि तीस वर्षं तोच शिकवला.

संध्याकाळी मी ही बातमी घरी आणली तेव्हा माझा मोठा भाऊ मोहनदादा जेवायला बसला होता. मानपाड्याकडच्या एका कारखान्यात तो बॉयलरवर होता, कोळसा मारायचा. दोनदा अंघोळ करूनही त्याच्या कानामागं इतका कोळसा उरायचा की आई म्हणे त्यावर चहा होईल. मी गोधडी, ऊब, फुगलेलं पाणी सगळं सांगितलं. आईला लगेच पटलं. "दूध तापलं की नाय का येत वर? समुद्र म्हंजे काय येगला हाय?" बाबांनी त्या होळीनंतर पहिल्यांदाच ताठ बसून भाकरी मोडली. मोहनदादाचा घास मात्र हातात राहिला.

"म्हणजे मी तिकडं कोळसा टाकतो," तो म्हणाला, "नि बाबा इकडं माती टाकतात. असं?"

आईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "खा. एवढ्या मोठ्या समुद्राला तू एकटा पुरायचा नाईस."

आता माझ्या वयाला एक प्रामाणिकपणाचा झटका येतो, म्हणून सांगून टाकते. ती चार बोटं सगळी धुराची होती असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. खाडीत तेव्हाच भराव पडायला लागले होते, पात्र अरुंद होत होतं, चिंचोळ्या भांड्यात पाणी वर येतंच. कुणाचं बोट किती, हे वाटून द्यायला मी बसत नाही. पण समुद्राचं बोट त्यात होतं, आणि ते मागं घेतलं जाणारं बोट नव्हतं. पुढं वाचलं की समुद्र तो वायू नुसता सोसत नाही, पितोसुद्धा, आणि पिऊन पिऊन आंबट होत जातो. कालवांना शिंपलं धरायला त्रास होतो. तेव्हा मला आठवली हौशीमावशी.

हौशीमावशी पलीकडच्या कोळीवाड्यातली. होडीनं येऊन आमच्या धक्क्याच्या पायरीवर मासळी लावायची, आणि तिच्या जिभेला कोयत्यापेक्षा धार. त्या अकरावीच्या वर्षीच मी तिला गोधडी समजावून सांगायला गेले, तर तिनं मलाच बसवलं.

"मना काय सांगतंस गो? माजी सासू जिथं पाटी ठेवायची ती पायरी उधानाला आता पान्याखाली. मी वर सरकलू. माजी सून आनखी वर सरकंल. तिची सून काय देवलात बसून बोंबील इकंल? आनि जिताडा मासा बग! आदी होडीला धक्का मारायचा, आता आवतन द्यावं लागतं."

म्हणून त्या दिवाळीनंतरच्या बैठकीला मी हौशीमावशीला घेऊन गेले. मुलीनं बैठकीत बोलायची रीत नव्हती. मी बोलायला लागल्यावर ती रीत कुठं गेली कुणाला सापडली नाही. आणि तिथं मी माझ्या स्वभावाप्रमाणं सुरुवात केली. मुंबई बुडणार. ठाण्याच्या तलावपाळीवर देवमासा येणार. कल्याणच्या बाजारात होड्यांनी भाजी आणावी लागणार. लोक खूश झाले. मध्येच कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

पांडूकाकानं विचारलं, "धूर कुनाचा, तेवढं सांग. नाव सांग, दंड लावू."

"मोहनदादाच्या बॉयलरचा. तुमच्या भट्टीचा. ट्रकचा. आणि सगळ्यात जास्त विलायतेतल्या कारखान्यांचा, शंभर-दीडशे वर्षांचा."

"माज्या भट्टीचा धूर सरल वर देवाकडं जातो! नि विलायतेचा वाटा बांधावर कुटं हाय गो? माज्या वाट्याच्या पल्याड कं?"

पुन्हा देऊळ हसलं. हौशीमावशीनं पायरीचं सांगितलं तर म्हणाले, पायरी झिजली असेल, तुझं वजन बघ. तिनं त्यावर जे उत्तर दिलं ते छापता येत नाही. बाबा उठून इतकंच म्हणाले, "चार बोटं चढवूया. सगल्यांनी एकदम." कुणी हसलंसुद्धा नाही, विषय बदलला.

घरी येताना माझ्या लक्षात आलं. मी हत्ती सांगितला, त्यांनी बकरी समजली. बाबांनी बकरी सांगितली, त्यांनी मुंगी समजली. गावाला ऐकताना वजाबाकी करायची सवय होती, आणि खरं माप त्या वजाबाकीत दोन्हीकडून मरत होतं.

हे दुखणं आमच्या गावाचं एकट्याचं नव्हतं. आज मी राहते ती बिल्डिंग एका जुन्या आगराच्या भरावावर उभी आहे. मोठ्या उधाणाला आमच्या पार्किंगमध्ये खाडीचं पाणी येतं आणि कुणाच्या तरी महागड्या गाडीखाली खेकडे फिरताना मी स्वतः बघितलेत. यावर सोसायटीची मीटिंग झाली. एक तरुण इंजिनीअर पडद्यावर मिलिमीटर दाखवत होता आणि लोक मोबाइल बघत होते. मग ठराव आला की आपल्या गेटला उंच भिंत घालू. मी उठून विचारलं, "मग पाणी शेजारच्या सोसायटीत जाईल त्याचं काय?" सेक्रेटरी म्हणाले, "आजी, त्यांनी त्यांची भिंत घालावी." पदवीधर माणसं सगळी, आणि आमच्याकडं ज्याला पाणीचोराहून वाईट म्हणायचे, ते त्यांनी एकमतानं मंजूर केलं. मी त्या दिवशी लिफ्टनं वर न जाता जिना चढून गेले, इतका राग आला होता. मजला माझा पहिलाच आहे, पण राग खरा होता.

तर निकालात ठरलेली ती पुढची होळी. होळी पेटली, पुरणपोळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी धुळवड. सगळं गाव रंगात. देवळापुढं ढोल चाललेला, प्रत्येक घरातून कोंबडीच्या रश्श्याचा वास. आणि पश्चिमेचा वारा सुटलेला, खाडीला पाठीवर थोपटून आत ढकलणारा. बाबांनी रंग खेळला नव्हता. ते सकाळपासून आमच्या वाट्यावर उभे होते, रेघेला रेघ राखलेल्या वाट्यावर. मी गेले तेव्हा ते पांढऱ्या सदऱ्यात आणि मी जांभळ्या, हिरव्या, चंदेरी रंगात. बगळ्यापाशी मोर उतरावा तशी. पलीकडं पांडूकाका आपल्या वाट्यावर आलेला, मिशा गुलाबी. तो पाणी बघायला आला नव्हता. आमच्या वाट्यावरून ते येताना बघायला आला होता.

दुपार कलायला लागली आणि पाणी वर आलं. आमच्या वळणावर माथ्याला लागलं. पांडूकाकानं हात वर केला, गावाला साक्ष ठेवायला. आणि तो हात तसाच राहिला, कारण त्याच्या पायाखालीही पाणी माथ्याला लागलं होतं. त्याच्या पलीकडच्या वाट्यावर लागलं होतं. नजर जाईल तिथवर बांधाच्या काठानं पाणी असं एका रेषेत उभं होतं, जसं दूध पातेल्याच्या काठाला येऊन थरथरतं. कुणाचा वाटा खचला नव्हता. कुणाचाच नाही. दोष द्यायला आमच्याकडं इतका सुरेख कायदा होता, आणि त्या दिवशी त्याला धरायला माणूस सापडेना.

पांडूकाका घाबरला. मी त्याला घाबरलेला पहिल्यांदाच बघितला. गुलाबी मिशीखाली तोंड पांढरं. त्यानं घमेलं उचललं, ओली माती भरली आणि आपल्या वाट्यावर टाकली. दुसरं भरलं. बाबा धावले. माझे बाबा, जे पावसातही चालत घरी यायचे! त्यांनी त्याचं फावडं दोन्ही हातांनी धरलं.

"पांडू, तू चढवलंस तर माजं जाईल."

"सोड! माजं मीठ जातंय!"

"मी वर्सभर नाय चढवला. तुज्यासाठी नाय चढवला. आता सगल्यांचा चढंल, नायतर कुनाचाच नाय."

दोघं एका फावड्याला धरून उभे, मध्ये चिखल गळतोय, आणि पाणी वाट बघतंय. पांडूकाकानं बाबांच्या तोंडाकडं बघितलं. मग स्वतःच्या वाट्यावरची ती दोन घमेली माती त्यानं पायानं खाली लोटली. "मग बोलव की गावाला! उबा काय र्‍हायलास?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. गाव ढोलात बुडालेलं. आणि बाबांचा आवाज तर परातीपलीकडं जायचा नाही.

मी बांधावरून पळाले. मला नक्की माहीत होतं, "पाणी चार बोटं चढलंय" म्हणाले तर ढोल थांबणार नाही. म्हणून मी देवळाच्या अलीकडूनच, सगळ्या अंगातला वारा गोळा करून ओरडले. माझा आवाज तेव्हा असा होता की दिव्यात ओरडले तर मुंब्र्याच्या डोंगरावरची माकडं पोरं कडेवर घेत.

"धावा रे! खाडीनं बांध गिळला! घोड्याएवढी लाट! पांडूकाका वाहून गेला, माझे बाबा झाडावर चढले! फावडी आणा, घमेली आणा, परड्या आणा, बायकांनो तुम्हीपण या!"

ढोल थांबला. आणि मी गावाच्या तोंडावर ती वजाबाकी होताना बघितली. घोडा नसेल. पांडू वाहून जाईल एवढं पाणी खाडीतच नाही. सदा झाडावर? तो शिडीवर चढत नाही. म्हणजे नक्की किती? म्हणजे थोडं, पण आलंय. म्हणजे फावडं.

सगळं गाव पळत सुटलं. लाल, निळी, हिरवी माणसं, ओळखू न येणारी. सासू कोण सून कोण कळेना. कुणाचा वाटा कुठला हे बघायला कुणी थांबलं नाही. जिथं पाय पोचला तिथं माती टाकली. मोहनदादा सुट्टीवर होता, तो बॉयलरपुढं मारावा तसा फावडं मारत होता, आणि हौशीमावशीची होडी धक्क्याला लागलेली, तिच्या दोन पोरांनी जाळ्यात भरून माती ओढली. आई एका हातानं घमेलं आणि दुसऱ्या हातानं सगळ्यांना शिव्या देत होती, कामाला गती यावी म्हणून. इकडून तिकडून थोडं पाणी उडालं, कडेचे दोनतीन वाफे गढूळ झाले. पण उधाण त्या चार बोटांच्या ओल्या मातीला टेकलं, थोडा वेळ विचार करत राहिलं आणि हळूच उतरायला लागलं. आगरातल्या राशी पांढऱ्याच्या पांढऱ्या. बांधावर जाता येता निथळलेल्या रंगानं बांध मात्र असा झाला होता, जणू खाडीनंच धुळवड खेळली.

रात्रीची वाट न बघता, तिन्हीसांजेलाच, चिखलाच्या अंगानं गाव देवळापुढं बसलं. हिश्श्याचा विषय कुणी काढला नाही. काढणाऱ्याच्या स्वतःच्या वाट्यावरही पाणी काठाला आलं होतं. पांडूकाका म्हणाला, "सकाली दगड उचलायचा. रेघ वर जायला पायजे. चुना मी आनतो."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दगड उचलला. खाली भर घालून तो नव्या उंचीला बसवला, बाबांनी परातीत पाणी घालून, आडवं पडून, डोळा लावून रेघ जुळवली. पांडूकाका घमेलंभर भिजवलेला चुना घेऊन तयार. खर्च स्वतःचा. दगड चुन्यात पक्का बसवायचा, पणजोबांच्या वेळी होता तसा.

"चुना नको," बाबा म्हणाले.

"का रं?"

"मातीत बसव. परत उचलावा लागंल."

पांडूकाका घमेलं धरून उभा राहिला. त्यानं दगडाकडं बघितलं, खाडीकडं बघितलं. गावाच्या कडेला त्याच्याच भट्टीचा धूर वाऱ्यानं आडवा पडला होता, तिकडंही बघितलं. "म्हंजे आपन आसंच चढवत र्‍हायचं?"

"सगल्यांनी. एकदम."

"नि कवापातूर?"

बाबांनी हात बाहेर काढला नाही, थांबले नाहीत, मोजलं नाही. "ठावं नाय," म्हणाले, आणि दगडाच्या बुडाला पायानं माती दाबायला लागले. पांडूकाकानं घमेलं खाली ठेवलं आणि तोही दाबायला लागला.

चुना भिजवलेला होता, तो काही परत कोरडा होणार नव्हता. आईनं बांधावरूनच फर्मान सोडलं, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत गुलाबी मिशांच्या पांडूकाकानं आमच्या घराची पुढची भिंत स्वतःच्या हातानं पांढरी करून दिली.